रेणुकाची पाच वाक्यं

आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणाची किल्ली माझ्या पाकिटात असते. बायकोला वाटतं, आत माझे नोकरीचे कागद आहेत. आहेत ना — कागद आहेतच. पण त्यांच्या खाली एक वही आहे, शंभर पानी, तपकिरी कव्हर घातलेली, आणि तिच्याबद्दल मी आजवर एकाही माणसाजवळ तोंड उघडलेलं नाही. चौदा वर्षं झाली. आज उघडतोय. आजच का, ते शेवटी कळेल तुम्हाला. आधी मला सुरुवात तरी करू द्या.

मी इंग्रजीचा मास्तर. पालम तालुक्यातल्या एका गावात — गावाचं नाव नको — बावीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं. राहायला पालमला होतो, जाणं-येणं एसटीनं. आता निवृत्त होऊन परभणीत असतो आणि पुढच्या खोलीत शिकवण्या घेतो. माझ्याबद्दल लोक दोन गोष्टी बोलायचे. एक, सर लय कडक. दुसरी, अक्षर बघावं तर सरांचं. ही दुसरी ऐकली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू? गावातला निम्मा कागद माझ्या हातचा असायचा — अर्ज, मानपत्रं, लग्नाच्या याद्या. कुणी नुसतं म्हणायची खोटी, की हे निघाले खिशाला पेन लावून. हे अक्षराचं लक्षात ठेवा. उगाच मिरवायला सांगितलेलं नाही.

रेणुका — हे तिचं खरं नाव नव्हे — धनगराची पोर. वडील माणिक. त्यांची शंभरेक मेंढरं, दोन घोडी, चार कुत्री. दिवाळी उरकली की घरदार मेंढरांमागं निघायचं, ते मृगाच्या तोंडाला परत. सातवी झाल्यावर रेणुकालाही बरोबर न्यायचं ठरलं होतं. तेव्हा मी स्वतः त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, आजीजवळ ठेवा हिला, डोकं आहे पोरीला, वाया घालवू नका. माणिक बराच वेळ काडीनं जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "सर म्हणतेत तर ऱ्हाऊ द्या."

एवढ्यावर पोर शाळेत राहिली. माझ्या एका शब्दावर. मग पुढं मी कुठल्या तोंडानं म्हणावं, की माझं कुणी ऐकलं नसतं?

ती नववीत होती तेव्हाची गोष्ट. सोमवारी, पहिल्याच तासाला, मी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं — कॉल ऑफ. इंग्रजीतली ही जोडक्रियापदं पोरांना जाम छळतात. 'कॉल' म्हणजे बोलावणं हे त्यांना येतं, मग त्याला हे शेपूट कशाला? म्हणून मी सावकाश शिकवायचो. अर्थ एक — ठरलेली गोष्ट रद्द करणं. नुसती पुढं ढकलणं नव्हे. पुढं ढकललेली गोष्ट होणारच असते, कॉल ऑफ केलेली होतच नाही. पाऊस आला, सामना रद्द झाला. साहेब आले नाहीत, सभा रद्द झाली. आणि आणखी एक खुबी मी सांगायचो, कारण मला ती फार आवडायची. ही गोष्ट कुणीही करू शकत नाही बरं का. बघायला आलेला माणूस सामना कॉल ऑफ करू शकत नाही. ज्यानं ठरवलं त्यानं करावं, नाही तर ज्याच्या शब्दाला तिथं वजन आहे त्यानं. हे मी टेबलावर खडू आपटत सांगितलं. तीनदा सांगितलं.

मग दुसरा अर्थ. अंगावर धावलेल्या कुत्र्याला मागं बोलावणं, यालाही इंग्रजीत कॉल ऑफच म्हणतात. अख्खा वर्ग रेणुकाकडं बघून हसला, कारण माणिकच्या कुत्र्यांना गावात कोण भीत नव्हतं? तीही हसली. मी म्हटलं, सांग बाई, तुझ्याकडं कसं करतात. ती उभी राहिली आणि म्हणाली, की आजोबा एकच शीळ घालतेत, लांबडी, आन् कुत्री जाग्यावर बसतेत. वर्गातल्या कुणाहीपेक्षा तिला तो शब्द चांगला समजला होता. मला बरं वाटलं. त्या दिवशी मी खूश होतो — आदल्या रविवारपासूनच खूश होतो. रविवारचं सांगतो थोड्या वेळानं. सांगावं लागणारच आहे.

घरचा अभ्यास दिला, या क्रियापदाची पाच वाक्यं. माझा नियम ठरलेला होता. गाइडातलं एक वाक्य दिसलं तरी वही खिडकीबाहेर जाईल. तुमच्या घरातलं लिहा, म्हणालो. तुमच्या घरात जे घडतं ते लिहा. भाषा तशानंच येते.

मंगळवारी वह्या गोळा केल्या, पिशवीत भरून पालमला आणल्या. बुधवारी कसली तरी सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमारास मी ओसरीवर चहा घेत तपासायला बसलो. बत्तीस वह्या. पोरांनी घरातलं म्हणजे काय लिहावं? बापानं बाजार कॉल ऑफ केला, आईनं स्वयंपाक कॉल ऑफ केला. मी हसत होतो, बायकोला वाचून दाखवत होतो. मग रेणुकाची वही आली.

पहिलं वाक्य — माझे आजोबा शीळ घालून कुत्र्यांना मागं बोलावतात. बरोबर. दुसरं — रविवारी पाहुणे आले तेव्हा आजोबांनी कुत्र्यांना मागं बोलावलं. तेही बरोबर, मी शाबास म्हणून बाजूला खूण केली. तिसरं — माझी आई माझं लग्न कॉल ऑफ करू शकत नाही. इथं तिनं क्रियापदाला नको तो एस लावला होता, तो मी लाल पेनानं खोडला. चौथं — माझी आजी पण करू शकत नाही. टिक. पाचव्या वाक्याला पूर्णविराम नव्हता. तो मी दिला. आधी पूर्णविराम दिला आणि मग वाक्य वाचलं — हे असं झालं, माझ्या हाताला तेवढी सवय होती.

सर रोट द यादी, सर कॅन कॉल ऑफ.

सरांनी यादी लिहिली, सर रद्द करू शकतात. तिच्या घरात इंग्रजी वाचू शकणारं कुणी नव्हतं. बापानं वही उघडली असती तरी त्याला त्यात पोरीचा अभ्यासच दिसला असता. तिनं मला चिठ्ठी लिहिली नाही, रडत येऊन गाठलं नाही. मी दिलेला अभ्यास केला. मी म्हणालो होतो ना, तुमच्या घरातलं लिहा?

आता रविवार. आमच्याकडं सोयरीक जुळली की यादी करायची रीत आहे. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं सतरंजीवर बसतात, काय द्यायचं, काय घ्यायचं, लग्न कुठं, कुणाच्या दारात, जेवण कुणाकडं, हे सगळं बोलून एका कागदावर उतरवतात. वर हळद-कुंकू लावतात. यादी झाली की बात पक्की. तिच्यावरून माणूस सहसा मागं सरत नाही, सरला तर तोंड दाखवायची सोय राहत नाही. आणि यादी लिहायला गावातलं चांगल्या अक्षराचं माणूस बोलावतात. रेणुकाची यादी लिहायला माणिकनं मला बोलावलं होतं.

मी गेलो. जाताना ठाऊक होतं का कुणाची यादी? हो, ठाऊक होतं. माझ्या वर्गातल्या पोरीची. तिच्या जन्माची तारीख माझ्या हजेरीपटात होती, पंधरावं सरायला अजून दोन महिने होते. तरी गेलो. मनाशी म्हटलं, आपण नुसतं लिहायला चाललोय, ठरवणारे ते आहेत. सतरंजीवर मला मधोमध जागा दिली. नवरदेवाच्या चुलत्यानं माझं अक्षर बघून मान हलवली, "वा, छापील हाय की." मी फुगलो. शेवटी त्याच गृहस्थानं सुचवलं, की पोरीचं वय पण टाकून ठिवा, उद्या कुणी उपटसुंभानं इचारलं तर कागद असावा. माणिक माझ्याकडं बघायला लागला. बघायला लागला म्हणजे — तो वाट बघत होता. मी नाही म्हणेन असं त्याला वाटलं असावं. मला आज तरी तसंच वाटतं. मी खाली मान घालून लिहिलं, वधूचे वय अठरा वर्षे पूर्ण. अठराच्या आठाला छान गोलाई दिली. मग त्यांनी मला टॉवेल-टोपी केली, नारळ दिला. चहा घेऊन आली ती रेणुकाच. माझ्या हातातल्या पेनाकडं बघून तिनं कप ठेवला आणि आत गेली.

लहान पोरींची लग्नं आमच्याकडं होत होती, अजून होतात, कुणाला काय सांगायचं — असं मी म्हणू शकतो. पण मी सगळ्यांचं सांगायला बसलेलो नाही. अठरा हा आकडा मी लिहिला.

वही मिटून मी ओसरीवर बसलो होतो तेव्हा बायकोनं विचारलं, संपल्या का वह्या? म्हटलं, संपल्या. एक लग्न थांबवायला मला काय करायचं होतं हो? एसटीनं गावाला जायचं, अर्ध्या तासाचा रस्ता. माणिकच्या दारात बसायचं, जसा दोन वर्षांमागं बसलो होतो. म्हणायचं, माणिक, मी खोटं लिहिलं, ती यादी आण इकडं. एवढंच. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नोकरी गेली असती, पोलीस आले असते, गाव अंगावर आलं असतं. तसलं काही नव्हतं. भीती वेगळीच होती. ज्या चार माणसांनी मला टॉवेल-टोपी केली त्यांच्यासमोर मला म्हणावं लागलं असतं की माझ्या त्या छापील अक्षरात मी खोटं लिहिलंय. हे मला होईना. एका पोरीच्या आयुष्यापुढं माझं एवढंसंच अडलं होतं, आणि मी ते एवढंसं सोडलं नाही.

गुरुवारी वह्या वाटल्या. एकतीस. रेणुकाची मी घरी ठेवली होती. का ठेवली? फाडली का नाही? ठाऊक नाही. परत देऊन तिच्या डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती, एवढं ठाऊक आहे. वह्या संपल्या तेव्हा ती जागेवर उभी राहिली. म्हणाली, "सर, माझी वही?"

मी म्हणालो, "तुझी वही माझ्याकडं आलीच नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मागच्या बाकावरची पोरं फिसफिसायला लागली, मेंढरानं खाल्ली वाटतं हिची वही. वही न देणाऱ्याला माझ्याकडं शिक्षा ठरलेली होती, भिंतीला उभं राहून तासाभरात पुन्हा लिहायचं. सर लय कडक ना? आज शिक्षा केली नाही तर वर्गाला शंका येईल, असं माझ्या मनात आलं. त्या क्षणी मी एवढा सगळा विचार करू शकलो, बघा. तिला एक कोरा कागद दिला आणि भिंतीला उभं केलं.

"बरं सर," म्हणाली.

भिंतीला कागद टेकवून तिनं पाच वाक्यं लिहिली. तास संपायच्या आधी आणून दिली. पाऊस आला, सामना रद्द झाला. साहेब आले नाहीत, सभा रद्द झाली. पाचही वाक्यं मी फळ्यावर लिहून दिलेली. तिच्या घरातलं एकही नाही, आजोबा नाहीत, कुत्री नाहीत. एकही चूक नव्हती. मी पाचपैकी पाच दिले. खाली सही केली.

त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत ती शाळेत येत होती. पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर जाऊन बसली. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची, नाही विचारला तर गप्प. आणि मी विचारायचंच सोडून दिलं. त्या महिन्या-सव्वा महिन्यात मला रोज सकाळी एसटीत वाटायचं, आज जाऊ माणिककडं. रोज संध्याकाळी परतीच्या एसटीत वाटायचं, उद्या. मग तुळशीचं लग्न झाल्याबरोबर, मेंढरं बाहेर काढायच्या आत, तिचं लग्न उरकलं. पत्रिका आली होती, मी निरोप धाडला की परीक्षेचं काम निघालं. माणिकनं लग्नातली बुंदी कुणाच्या तरी हाती पालमला पाठवली, सरांना आठवणीनं. ती आम्ही घरात खाल्ली. मीही खाल्ली.

वर्गशिक्षक मीच. हजेरीपटात तिच्या नावासमोर शेरा मारायचा होता, का येत नाही त्याचा. मी लिहिलं, सतत गैरहजर. तेही सुंदर अक्षरात.

ती जिंतूरकडं दिली होती, चारठाण्याच्या जवळ कुठं तरी. पुढं कळत गेलं उडत उडत. एक मूल गेलं, मग मुलगी झाली. सासरच्यांनी मेंढरं विकली. यापलीकडं मी कधी चौकशी केली नाही. मी निवृत्त होईपर्यंत माणिक मला रस्त्यात दिसला की हात जोडायचा. त्याच्याकडं बघून मी हसायचो.

आणि आता आजच का, ते. गेल्या महिन्यात एक बाई पोरीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. वाळली होती, केस पुढून पांढरे, अजून तिशीसुद्धा नसेल. मी लगेच ओळखलं. तिनं विचारलंही, वळखलं का सर? म्हटलं, रेणुका ना, ये. ती परभणीत राहायला आली होती, कृषी विद्यापीठाच्या शेतात रोजानं कामाला जात होती. मुलगी सातवीत. पोरीला म्हणाली, पाया पड सरांच्या. पोर पडली. मी आत बायकोला चहा टाकायला सांगितला, माणिकचं विचारलं, आजी कधी गेली ते विचारलं. सगळं विचारलं, एक सोडून. ती मोकळेपणानं सांगत होती. तिच्या बोलण्यात राग शोधायचा मी प्रयत्न केला, खरं सांगतो, सापडला असता तर मला थोडं सोपं गेलं असतं. नव्हता. तिला पोरीला इंग्रजी शिकवायचं होतं आणि परभणीत तिच्या ओळखीचा इंग्रजीचा मास्तर मी एकटाच होतो.

चहा झाला. उठताना पदर सावरत, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "एकच सांगते, सर. हिची वही ठिवून घेत जाऊ नका. हितंच तपासा, हिच्या समोर, आन् हिच्या हातात द्या."

मी म्हणालो, "हो."

तिनं मान हलवली. ती बसली होती त्या खुर्चीपासून कपाट तीन पावलांवर आहे. किल्ली माझ्या खिशात होती. चप्पल घालायला तिला वेळ लागला, एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, पिन लावून बसवत होती. तेवढ्या वेळात वही काढून देता आली असती. मी दारात उभा राहून रिक्षा कुठं मिळेल ते सांगत होतो.

पोर रोज संध्याकाळी पाचला येते. हुशार आहे. तिची वही मी तिच्या समोर तपासतो आणि तिच्या हातात देतो. तिच्या आईची वही खालच्या खणात आहे.